लोखंडाचा विटाळ

मराठीत विज्ञान लिहिणाऱ्यांनी एक शब्द काढून ठेवलाय. मलद्रव्य. अर्धसंवाहकाच्या स्फटिकात जो परका अणू असतो, आपसूक आलेला किंवा मुद्दाम घातलेला, त्याला म्हणायचं मलद्रव्य. कुणी जरा सभ्य असला तर अशुद्धी म्हणतो. इंग्रजीतही तोच प्रकार आहे, पण इंग्रजी शब्दाला तसा वास येत नाही. आमच्या शब्दाला येतो. मल म्हंजे काय आणि तो कुणी पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावरून वाहिला, हे या पानांच्या वाचकाला मी सांगायला नको.

बारावीच्या वर्गात सर मराठीतून समजावून सांगत होते. शुद्ध सिलिकॉन कामाचं नसतं, त्यात मलद्रव्य मिसळावं लागतं. मागच्या बाकावरून एकाने माझं आडनाव हळूच घेतलं. चार-पाच जण हसले. सरांनी ऐकलं, खडू उचलला आणि पुढची ओळ लिहिली. त्या दिवशी मी काही बोललो नाही. पण तो शब्द डोक्यात राहिला. कॉलेज सुटलं, गिरणी लागली, तरी राहिला. मग मी ठरवलं, हे मलद्रव्य काय करतं ते आपण स्वतः बघायचं. रद्दीतली पुस्तकं, मोबाइल आणि एक फाटका इंग्रजी शब्दकोश, एवढ्या भांडवलावर. एकेक निबंध वाचायला महिना जातो. जाऊ दे. तिसऱ्या पाळीच्या माणसाला दिवसा झोप तशीही लागत नाही.

मलद्रव्यं पुष्कळ आहेत. मी लोखंड धरलं. कारण या जमातीत लोखंडाएवढं बदनाम कुणी नाही.

आधी सिलिकॉन घेऊ. मोबाइलपासून सोलरच्या पाटीपर्यंत सगळीकडे हेच. एका घन सेंटिमीटर सिलिकॉनमध्ये अणू किती? पाचावर बावीस शून्यं. त्यात लोखंडाचे अणू किती आले म्हणजे माल बिघडायला लागतो? एकावर बारा शून्यं. भागाकार करून बघा. पाच हजार कोटी सिलिकॉनमागे एक लोखंड. एवढ्याने!

कसं बिघडतं तेही सांगतो. अर्धसंवाहकात इलेक्ट्रॉनचे दोन मजले समजा. खालच्या मजल्यावर बांधलेले इलेक्ट्रॉन, वरच्या मजल्यावर मोकळे. मधे दरी. उजेड पडला की खालचा इलेक्ट्रॉन उडी मारून वर जातो आणि खाली त्याची रिकामी जागा राहते. वरचा इलेक्ट्रॉन एका तारेकडे आणि खालची रिकामी जागा दुसऱ्या तारेकडे गेली की झाली वीज. आता लोखंडाचा अणू सिलिकॉनच्या जाळीत घुसतो तो कुणाची खुर्ची घेऊन बसत नाही. चार खुर्च्यांच्या मधल्या सांदीत शिरतो. आणि त्या दरीत, अधांतरी, एक पायरी तयार करतो. वरून जाणारा इलेक्ट्रॉन त्या पायरीवर पाय ठेवतो, खालची रिकामी जागा तिथंच येऊन भेटते, दोघांचा निकाल लागतो. उजेड पडलेला फुकट गेला. म्हणून कारखान्यात लोखंडाला मारेकरी समजतात.

आणि हा मारेकरी चपळ. भट्टी तापली की सिलिकॉनमध्ये तो झपाट्याने पळतो. पोलादी चिमटा, पोलादी नळी, कुठूनही येतो. बोरॉन घातलेल्या सिलिकॉनमध्ये थंड झाल्यावर तो बोरॉनचा हात धरून बसतो. जोडी जमते. वर जोराचा उजेड पडला की जोडी फुटते, अंधारात ठेवलं की काही तासांनी पुन्हा जमते. सोलरच्या पाटीत लोखंड किती आहे हे मोजायला हीच युक्ती वापरतात. उजेडाआधी मोजायचं, उजेडानंतर मोजायचं, फरकावरून लोखंडाचा हिशेब.

पण मला खरा चटका लागला तो पुढच्या गोष्टीचा. एवढं करूनही लोखंड पूर्ण निघत नाही. मग काय करतात? चकतीच्या मागच्या बाजूला मुद्दाम एक खराब थर करतात. खरवडून, नाहीतर फॉस्फरस भरून. चकती तापवली की पळणारं लोखंड त्या थरात जाऊन अडकतं. राहतं चकतीतच. फक्त जिथं काम चालतं, विजेचे रस्ते आहेत, तिथून बाजूला. इंग्रजीत या कामाला वेगळं नाव आहे. मी वहीत लिहिलं, गावकुसाबाहेर. दुसरा शब्द मला सुचला नाही आणि मी शोधलाही नाही.

आमच्या गिरणीतही लोखंडाला मज्जाव आहे. ब्लोरूममध्ये रुईच्या वाटेत लोहचुंबक बसवलेले असतात. गाठीच्या पट्टीचा तुकडा, खिळा, वायसर रुईबरोबर आत गेला तर ठिणगी पडते आणि खातं पेटतं. त्याच्यापुढे कॅमेऱ्याचं मशीन. रुईत सुतळी आली, प्लास्टिक आलं, बाईचा केस आला, रंगीत चिंधी आली, की हवेचा फटका मारून ते बाहेर फेकतं. मशीन यायच्या आधी हे काम बायका हाताने करायच्या, अजूनही कित्येक ठिकाणी करतात. आणि ऑटोकोनरवर प्रत्येक धाग्यावर एक डोळा. धागा जाडा झाला, बारीक झाला, परका रंग दिसला, की कट. मग पुन्हा सांधा. तो डोळा म्हंजे एक दिवा आणि समोर अर्धसंवाहकाचा तुकडा. तिथं आत लोखंड चालत नाही, कारण वर सांगितलं ते.

पांढऱ्यात पांढरं ठेवण्याच्या या सगळ्या कामावर आम्ही पोट भरतो. त्याला माझी ना नाही. कापडात प्लास्टिक आलं तर ते रंग घेत नाही, माल परत येतो, हे खरंय. पण शुद्ध-अशुद्धाचा हिशेब गिरणीत एवढ्यावर कधी थांबला नव्हता. माझे पणजोबा मुंबईच्या गिरणीत रिंगखात्यात होते. साचेखात्यात पगार जास्त, तरी तिकडे आमच्या माणसाला बंदी. कारण काय, तर धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालून धाग्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावं लागे. आमच्या थुंकीचा धागा, मग त्याच धोट्याला त्यांचं तोंड. तेव्हा तोंडाने धागा ओढणाऱ्याच्या फुफ्फुसात काय जातं याची काळजी कुणाला नव्हती, विटाळाची होती. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढे आणला, तेव्हा लाल झेंडेवाल्यांनाही तो गिळायला जड गेला. पुढे धोटेच बदलले. मी आज ज्या खात्यात आहे ते रिंगखातंच. एवढं सांगून लोखंडाकडे येतो.

तर सिलिकॉनमधला मारेकरी दुसऱ्या स्फटिकात गेला की काय होतं?

इंडियम फॉस्फाइड नावाचा स्फटिक आहे. तुमच्या-माझ्या मोबाइलवरचं इंटरनेट काचेच्या तंतूंतून प्रकाशाने धावतं. तो अदृश्य प्रकाश सोडणारे लेसर याच स्फटिकाच्या चकतीवर बनतात. हा स्फटिक कितीही निगुतीने वाढवा, त्यात कुठलेतरी भटके अणू उरतात, गंधक म्हणा, सिलिकॉन म्हणा. (इथं सिलिकॉनच मलद्रव्य! बघा मजा.) ते भटके आपला जादा इलेक्ट्रॉन सोडून देतात, आणि जिथं वीज वाहायला नको तिथं थोडीथोडी वाहते. गळक्या नळासारखी. यावर इलाज लोखंड. इथं लोखंड सांदीत नाही शिरत, इंडियमची खुर्चीच घेतं. इंडियम जाळीला तीन इलेक्ट्रॉन देतो, लोखंडही तीन देतं. त्यावर त्याच्यात एक जागा शिल्लक असते. भटका इलेक्ट्रॉन जवळून गेला की त्याला धरून ठेवतं. पायरी तीच, दरीच्या मधोमध. पण इथं मधोमध असणं फायद्याचं, कारण खोलीतल्या उष्णतेने तो इलेक्ट्रॉन सुटून वर जाऊ शकत नाही. वीसेक लाख इंडियममागे एक लोखंड पुरतं आणि स्फटिक जवळजवळ बंद होतो. रोध एक कोटी ओहम-सेंटिमीटरच्या वर. लेसरच्या बारीक पट्टीच्या दोन्ही अंगांना असा लोखंडी थर चढवतात, म्हणजे वीज इकडे-तिकडे न पळता मधूनच जाते.

म्हणजे सिलिकॉनमध्ये ज्या गुणासाठी फाशी, त्याच गुणासाठी इथं पहारेकऱ्याची नोकरी. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा बॉबिन हातात तशीच राहिली. शेजारच्या साइडवाल्याने हाक मारली, “आरं, तार तुटल्यात की तुझ्या.”

पुढचं प्रकाशाचं. लोखंडाला रंगाचं वेड आहे. जस्त-गंधकाचं खनिज असतं, जस्ताच्या खाणीतून निघतं. शुद्ध असेल तर बिनरंगी, पारदर्शक. लोखंड शिरत गेलं की पिवळं, मग तपकिरी, फार झालं की काळंकुट्ट. तीच जाळी, तेच जस्त, काही खुर्च्यांवर फक्त लोखंड.

याचं भावंड जस्त-सेलेनाइड. हे तुम्ही पाहिलंही असेल. लग्नपत्रिका, लाकडी पाट्या कापायचं लेसरचं मशीन असतं ना तालुक्याच्या गावी, त्याचं भिंग पिवळसर असतं. ते याचं. यात लोखंड घालायचं तर काचेच्या बंद नळीत, हवा काढून, हजार अंशांच्या आसपास दिवसचे दिवस भाजत ठेवतात. लोखंड इथं सावकाश चालतं. सिलिकॉनमधली पळापळ इथं नाही. एकेका जस्ताची खुर्ची घेत आत सरकतं.

जस्त दोन इलेक्ट्रॉन देतो, लोखंडही इथं दोनच देतं. मग त्याच्या आतल्या घरात सहा उरतात. घरात खोल्या पाच. मोकळ्या हवेत पाचही सारख्या. पण इथं चार बाजूंनी चार सेलेनियम दाटून बसलेत. त्यांच्या दाबाने खोल्यांची वाटणी होते. दोन खालच्या, तीन वरच्या. पाच इलेक्ट्रॉन एकेका खोलीत. सहावा कुठं जाणार? खालच्याच एका खोलीत दुसऱ्याच्या उरावर. आमच्या चाळीत दहा बाय दहात दोन बिऱ्हाडं राहायची, तसा. या सहाव्याला वर चढायला जी ऊर्जा लागते ती आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशाची नाही. तीन मायक्रॉनच्या आसपासच्या, उष्ण, अदृश्य प्रकाशाची. तो शोषून सहावा वर जातो आणि खाली येताना चार ते पाच मायक्रॉनचा प्रकाश सोडतो. नीट आरसे लावले की झाला लेसर.

हे काम आधी इंडियम फॉस्फाइडमध्ये झालं होतं. १९८३ साली अमेरिकेच्या नौदल प्रयोगशाळेतल्या क्लाइन, फर्नो आणि हेन्री यांनी त्यातल्या लोखंडाकडून साडेतीन मायक्रॉनचा लेसर काढला. पण निरपेक्ष शून्याच्या जेमतेम दोन अंश वर. जस्त-सेलेनाइडमधल्या लोखंडाचा लेसर १९९९ साली लिव्हरमोरला लागला, तोही थंडीतच, १५ ते १८० केल्विनमध्ये. साध्या खोलीतल्या हवेला तो लागला २००५ साली, अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या विद्यापीठात. अडचण कसली होती? उष्णतेने जाळी थरथरते आणि वर गेलेल्या सहाव्याला प्रकाश न सोडताच खाली ढकलते. ७७ केल्विनला तो वर पन्नासएक मायक्रोसेकंद टिकतो, खोलीच्या तापमानाला अर्धा मायक्रोसेकंदही नाही. म्हणून त्याला एका झटक्यात, धक्का देऊन वर न्यावं लागतं, आणि खाली पडायच्या आत काम करून घ्यावं लागतं.

हा अलाबामा तोच आणि हे बर्मिंगहॅमही तेच, जिथं १९६३ साली काळ्या पोरांवर पोलिसांनी कुत्री सोडली होती. लेसरशी त्याचा संबंध नाही. पण नाव वाचल्यावर मी पुढे सरकू शकलो नाही, म्हणून लिहिलं.

या लेसरचा उपयोग मोठा आहे. चार ते पाच मायक्रॉनच्या पट्टीत वायूंच्या खुणा असतात. कार्बन डायऑक्साइडची ४.२६ ला, कार्बन मोनॉक्साइडची त्याच्या पुढे. हवेत प्रकाश सोडायचा, काय गिळलं गेलं ते बघायचं. हे वाचून मला लगेच गटारात उतरणारे आठवले. या लेसरने झाकण उघडायच्या आधी सांगता येईल का आत काय आहे? मी शोधत बसलो. गटारात माणूस मारतो तो मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड, आणि त्याची खूण या पट्टीत फार फिकी. म्हणजे आमच्या लोखंडाचा इथं तसा उपयोग नाही. शिवाय त्या वायूचा हातात मावणारा साधा मीटर कधीचा बाजारात आहे. त्यासाठी लेसर नको. माणसाला आत उतरवायला बंदी करणारा कायदाही २०१३ पासून आहे. तरी उतरवतात. विज्ञान कमी पडलं म्हणून कुणी गटारात मरत नाही, हे मला त्या रात्री पक्कं कळलं.

आता चुंबक. लोखंड म्हटलं की चुंबक, हे पोरालाही ठाऊक. म्हणून वाटेल की स्फटिकात लोखंड गेलं की स्फटिक चुंबक होणार. तिथं एक गंमत आहे. लोखंडाचा शेजारी मँगॅनीज. त्याच्याकडे पाच इलेक्ट्रॉन, पाच खोल्या, प्रत्येकी एक, सगळ्यांची फिरकी एका दिशेला. असा अणू म्हणजे चिमुकला चुंबक. थंडी वाढवत न्या, बाहेरचा चुंबक जरासा दाखवा, मँगॅनीज लगेच तिकडे तोंड करतो. जेवढी थंडी तेवढी हुकूम मानण्याची घाई. लोखंड तसं वागत नाही. त्या सहाव्यामुळे आणि इलेक्ट्रॉनच्या फिरकी-फेऱ्याच्या आतल्या गुंत्यामुळे त्याची सगळ्यात खालची अवस्था अशी होते की तिला चुंबकत्वच नाही. थंड करत नेलं तर त्याचा प्रतिसाद काही मर्यादेपर्यंत वाढतो आणि मग सपाट होतो. आणखी थंडी वाढवा, तो ढिम्म. बाहेरचा चुंबक खूप जोराचा असेल तरच त्याची वरची अवस्था खालच्यात मिसळते आणि मग तो बोलतो. या वागण्याला व्हॅन व्लेक यांचं नाव आहे. त्यांना १९७७ साली नोबेल मिळालं, दोघांबरोबर वाटून.

मला हे लोखंड आवडतं. मँगॅनीजचं काही वाकडं नाही, पण आमच्या बापासारखं लोखंड आहे. दर निवडणुकीत माणसं दारात यायची, बाप खाटेवरून उठायचा नाही.

इथं जरा थांबून एक सांगतो. अशा उपमा मी देतोय आणि त्यांच्यावर माझाच पुरता भरवसा नाही. लोखंडाला भूक नाही, अपमान नाही, त्याला कुणी पाणवठ्यावरून हाकललेलं नाही. अणू हा दलित नव्हे. वस्तीतल्या अभ्यासिकेत मी हे सांगतो तेव्हा एखादा पोरगा लगेच म्हणतो, म्हंजे आपण लोखंड, ते सिलिकॉन. मी म्हणतो, गप. आपण कुणाच्या जाळीत बसायला अर्ज केलेला नाही. आणि दर वीस लाखांमागे एक आम्ही, तोही पहाऱ्याला, असलं जग मला नकोय. मला त्या शब्दाचा निकाल लावायचाय. एकाच लोखंडाला एका ठिकाणी मारेकरी आणि दुसऱ्या ठिकाणी पहारेकरी म्हणता येतं, तर मल त्या लोखंडात कुठं आहे, दाखवा. सूक्ष्मदर्शकाखाली दाखवा.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त झोप उडवणारी गोष्ट पारा-सेलेनाइडची. या स्फटिकात दोन मजल्यांमधली दरी जवळजवळ नाहीच. वरच्या मजल्यावर मोकळे इलेक्ट्रॉन फिरत असतात. यात लोखंड घातलं की त्याची पायरी दरीत न पडता वरच्या मजल्याच्या आतच, बरीच वर पडते. पहिल्यांदा आलेलं प्रत्येक लोखंड आपला एक इलेक्ट्रॉन खाली सोडून देतं आणि स्वतः विद्युतभारित होऊन बसतं. भारित अणू म्हंजे रस्त्यातला धोंडा. जाणारे इलेक्ट्रॉन त्यावर आपटतात, वाट चुकतात. जेवढं मलद्रव्य जास्त तेवढा अडथळा जास्त. पुस्तकी नियम हाच, आणि इथवर तो बरोबर.

पण इलेक्ट्रॉन भरत भरत लोखंडाच्या पायरीपर्यंत पातळी चढते. साधारण साडेतीन हजार पाऱ्यांमागे एक लोखंड झालं की पोचते. त्यापुढे आलेल्या लोखंडाला इलेक्ट्रॉन सोडायला खाली जागा नाही. ते आपला इलेक्ट्रॉन बाळगून बिनभाराचं राहतं. आता स्फटिकात लोखंड दोन तऱ्हेचं, काही भारित, काही नाही. पुस्तकाप्रमाणे गर्दी वाढली म्हणजे वाट आणखी अडायला हवी. मोजलं तर उलटं निघालं. निरपेक्ष शून्याजवळच्या थंडीत इलेक्ट्रॉन आधीपेक्षा जास्त मोकळे धावायला लागले. आणखी लोखंड घाला, आणखी मोकळे. मलद्रव्य वाढतंय आणि वाट मोकळी होतीय!

वॉर्सॉच्या मिच्येल्स्की यांनी १९८६ साली याचं कारण मांडलं. भार कुठल्या लोखंडावर बसायचा हे आता ठरलेलं नाही. निवडीला जागा आहे. सारख्या भारांचं एकमेकांशी पटत नाही, म्हणून ते भार एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब सरकतात. लोखंडाचा अणू जागचा हलत नाही, भार या लोखंडावरून त्या लोखंडावर जातो. होता होता भारांमध्ये एक अंतर, एक शिस्त येते. अस्ताव्यस्त पडलेले धोंडे ओळीने लागल्यासारखे होतात आणि इलेक्ट्रॉन त्यांतून न आपटता निघून जातो. संख्या थोडी होती तेव्हा हे होणं शक्य नव्हतं. मोजकेच अणू, प्रत्येकावर भार, पळायला जागा नाही. शेजारी आपल्यासारखाच दुसरा आला तेव्हा कुठं ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर देता आलं. अर्थात याला हद्द आहे. लोखंड आणखीन फार वाढवलं तर जाळीच विस्कटते आणि फायदा निघून जातो.

मी हे अभ्यासिकेच्या फळ्यावर काढून दाखवलं. पोरांना खडूचे ठिपके पुसून परत काढायला लावले. दोन तास गेले. एवढा आनंद मला माझी कविता छापून आली तेव्हाही झाला नव्हता.

मधे एका फसगतीबद्दल. गेल्या पंचवीस वर्षांत अर्धसंवाहकाला चुंबक बनवायची मोठी शर्यत लागली, कारण वीज आणि चुंबक एकाच तुकड्यात आले तर हिशेब आणि साठवण एका ठिकाणी होईल. रोज कुणीतरी म्हणायचं, माझ्या स्फटिकाला चुंबकत्व आलं. २००४ साली डब्लिनच्या शास्त्रज्ञांनी हाफ्नियम ऑक्साइडच्या पापुद्र्यात चुंबकत्व सापडल्याचं सांगितलं. त्यात तर चुंबकी अणू एकही नाही. २००५ साली आयबीएमच्या लोकांनी तसेच पापुद्रे करून बघितले. चुंबकत्व नाही. मग त्यांनी तेच तुकडे पोलादी चिमट्याने उचलले. चुंबकत्व हजर! चिमट्याच्या टोकाचं, डोळ्याला न दिसणारं लोखंड. मोठमोठ्या यंत्रांना चकवून गेलं. हे वाचून मी एकटाच रिंगफ्रेमसमोर हसत उभा होतो. मुकादम बघत होता.

पण खरंखुरंही झालंय. टोकियोत मासाआकी तानाका, फाम नाम हाय आणि त्यांच्या सोबत्यांनी गॅलियम अँटिमोनाइडमध्ये लोखंड घातलं. थोडंथोडकं नाही, गॅलियमच्या दर चार खुर्च्यांपैकी एक लोखंडाला. शेकडा २५. भट्टी फार तापू द्यायची नाही, कारण उष्णता मिळाली की लोखंड आपापसात गोळा होऊन वेगळा गड्डा करतं आणि मग जे चुंबकत्व दिसतं ते गड्ड्याचं, स्फटिकाचं नव्हे. म्हणून कमी उष्णतेत, अणूंचा एकेक थर चढवत. २०१६ साली त्यांनी दाखवलं की असा स्फटिक ३४० केल्विनपर्यंत, म्हणजे ६७ अंशांपर्यंत, चुंबक राहतो. थंडीचं कोंडाळं नको, द्रवरूप हेलियम नको. आमच्या खात्यात मे महिन्यात चाळीसच्या वर पारा असतो, तिथंही तो टिकेल. दर चारांत एक झाल्यावर त्याला मलद्रव्य म्हणायला त्यांचंही मन धजत नाही. तिथं सरळ लोखंडासह नाव लिहितात, कंसात, गॅलियमच्या बरोबरीने.

आता शब्दाचं. अभ्यासिकेच्या पोरांसाठी मी हे सगळं एका शंभर पानी वहीत मराठीत उतरवतोय. मलद्रव्य लिहिणार नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं. मग काय? भेसळ म्हणावं तर रेशनच्या डाळीतले खडे आठवतात. पाहुणा म्हणावं, कारण इंग्रजीत मूळ स्फटिकाला यजमान म्हणतात. पण पाहुणा दोन दिवसांनी जातो, लोखंड जात नाही, आणि यजमान शब्दावर तर माझा राग आहेच. आई म्हणाली, “इरजण म्हन की.” चिमूटभर घातलं की सगळं दूध बदलतं. शब्द झकास. पण विरजण वाढतं, लोखंड वाढत नाही, घातलं तेवढंच राहतं. शेवटी ‘पेर’ लिहिलं. लोखंडाची पेर. पेरलेलं लोखंड. मुद्दाम घातलेल्याला पेर, आणि सिलिकॉनमध्ये न बोलावता आलेल्याला नुसतं लोखंड, त्याच्या नावाने. एक पोरगा म्हणाला, पेरलेलं उगवतं, लोखंड कुठं उगवतं? बरोबर आहे त्याचं. त्याला म्हटलं, तू दुसरा सुचव. तो अजून विचार करतोय, आणि वहीची चाळीस पानं रिकामी आहेत.